तोच दिवस पुन्हा: टाइम लूपचे विनोदपट पाहायला सुरुवात कशी करावी

घरात चार माणसं जमवून टाइम लूपचा सिनेमा लावला की विसाव्या-पंचविसाव्या मिनिटाला कुणीतरी हमखास विचारतं, ‘‘हे मगाशी झालं ना? चुकून मागे गेलं का?’’ मग रिमोटची शोधाशोध होते. हा लेख त्या विचारणाऱ्यासाठी आहे. त्याचा प्रश्न अगदी रास्त आहे. या जातीच्या सिनेमाचा सगळा खेळ त्या ‘मगाशी झालं ना’वरच उभा असतो. फक्त ते लक्षात आल्यावर पुढे कुठे नजर ठेवायची, हे आधी कुणी सांगितलेलं नसतं.

टाइम लूप म्हणजे एवढंच: एका माणसाचा एक दिवस संपतो आणि पुन्हा तोच दिवस पहिल्यापासून सुरू होतो. आसपासच्या कुणाला त्याची गंधवार्ता नसते. त्या एकट्याला मात्र कालचं, परवाचं, शंभर फेऱ्यांपूर्वीचं सगळं आठवत असतं. कधी हा फेरा आठवड्याचा असतो, कधी तासाभराचा, आणि एका जपानी चित्रपटात तर फक्त दोन मिनिटांचा.

मी हे चित्रपट अनेक वर्षं पुन्हापुन्हा पाहत आलो आहे आणि माझं मत ठाम होत गेलं आहे. यांची खरी करामत परत परत दाखवण्यात नसते, गाळण्यात असते. काय दाखवायचं नाही, हे ज्या दिग्दर्शकाला आणि संकलकाला कळलं त्याचा लूप जमला. खालच्या पायऱ्या याच अंगाने लावल्या आहेत. एकही शेवट मी फोडणार नाही.

पहिली पायरी: कालप्रवास डोक्यातून काढून टाका

यंत्रात बसून भूतकाळात जाणं, आजोबांना भेटणं, इतिहास बदलणं या सगळ्याशी लूपचा फारसा संबंध नाही. कालप्रवासाच्या गोष्टीत माणूस काळात फिरतो. लूपमध्ये माणूस अडकलेला असतो आणि काळच त्याच्याभोवती फिरतो. म्हणून इथे कागद घेऊन कोणता काळ कुठे जुळतो याचं गणित मांडत बसू नका.

त्यापेक्षा लहानपणी ऐकलेला विक्रम-वेताळ आठवा. राजा प्रेत खांद्यावर घेतो, वेताळ गोष्ट सांगतो, शेवटी प्रश्न टाकतो. राजा उत्तर देतो, त्याचं मौन मोडतं आणि वेताळ पुन्हा झाडाला जाऊन लटकतो. राजा परत झाडाकडे. प्रत्येक वेळी तेच स्मशान, तेच झाड, तोच खांदा. चोवीस गोष्टी होतात. पंचविसाव्या गोष्टीचं उत्तर राजाला देता येत नाही, तो गप्प राहतो आणि फेरा तुटतो. प्रत्येक वेळी हुशारीने उत्तर देणाऱ्या माणसाची सुटका उत्तर न सुचल्यामुळे होते. ही रचना ज्याच्या ओळखीची आहे त्याला टाइम लूप समजायला अजिबात जड जाणार नाही.

दुसरी पायरी: १९९३ पासून सुरुवात करा, आणि पहिली वीस मिनिटं फोन बाजूला ठेवा

सुरुवात ‘ग्राउंडहॉग डे’नेच करा. लोक आधी नवे, वेगवान चित्रपट सुचवतात. माझा त्याला विरोध आहे. नंतरच्या सगळ्यांनी हा चित्रपट तुम्ही पाहिलेला आहे असं धरून चालून उड्या मारल्या आहेत.

दिग्दर्शक हॅरॉल्ड रॅमिस, मूळ पटकथा डॅनी रुबिनची, तिच्यावर रॅमिसचाही हात फिरलेला. बिल मरे झाला आहे फिल कॉनर्स, पिट्सबर्गच्या एका वाहिनीवरचा हवामान सांगणारा, कुजकट आणि स्वतःवर भलताच खूश असलेला माणूस. दर वर्षी २ फेब्रुवारीला त्याला पेनसिल्व्हेनियातल्या पंक्सटॉनी या छोट्या गावात एका उत्सवाचं वार्तांकन करायला जावं लागतं, आणि त्याला त्याचा मनस्वी कंटाळा आहे.

हा उत्सव आधी समजून घ्या, म्हणजे चित्रपटाचं नाव परकं वाटणार नाही. ग्राउंडहॉग हा खारीच्या कुळातला, बिळात राहणारा गुबगुबीत प्राणी. त्या दिवशी सकाळी त्याला बाहेर काढतात. त्याला आपली सावली दिसली तर थंडी आणखी सहा आठवडे टिकणार, नाही दिसली तर वसंत लवकर येणार, अशी समजूत. जर्मन भाषक स्थलांतरितांबरोबर आलेली ही प्रथा पंक्सटॉनीत १८८७ पासून पाळली जाते. आपल्याकडे पावसाळी नक्षत्राचं वाहन बेडूक आहे की गाढव, हे पंचांगात पाहून पावसाचा अंदाज बांधतात. त्याच घरातली ही गोष्ट. गंमत म्हणजे चित्रीकरण पंक्सटॉनीत झालेलंच नाही. ते झालं मुख्यतः इलिनॉय राज्यातल्या वुडस्टॉक या गावात, आणि फिल जिथे जिथे धडपडला तिथे त्या गावाने आज पाट्या लावून ठेवल्या आहेत.

आता पाहताना काय करायचं ते. पहिल्या दिवसाच्या खुणा मनात नोंदवा. घड्याळात सहा वाजतात. रेडिओवर सॉनी आणि शेअर यांचं ‘आय गॉट यू बेब’ लागतं. खोलीबाहेर एक जाडजूड गृहस्थ भेटतात. खाली न्याहारीच्या वेळी घरमालकीण हवापाण्याच्या गप्पा मारते. रस्त्यावर एक म्हातारा भिकारी हात पसरतो. मग शाळेतला जुना सोबती नेड रायरसन गाठतो, जो आता विमा विकतो आणि पिच्छा सोडत नाही. त्याच्यापासून सुटका करून घेताना फिलचा पाय कडेच्या गार पाण्याच्या डबक्यात जातो. नंतर चौकातला सोहळा, कॅमेऱ्यापुढचं बोलणं, परतीच्या वाटेवर बर्फाचं वादळ आणि नाइलाजाने पुन्हा त्याच गावात मुक्काम.

हा दिवस संथ वाटेल आणि तो संथच असायला हवा. कारण या एका दिवसाचं नाणं चित्रपट पुढे शंभर वेळा मोडून खर्च करणार आहे. डबकं एकदा नीट दिसलं की पुढच्या वेळी पाण्याचा आवाजसुद्धा पुरतो. तिसऱ्या-चौथ्या वेळी फिल नुसता पाय उचलतो आणि आपण हसतो. आणखी काही वेळाने तो तिथून सहज चालत जातो, डबक्याकडे बघतही नाही, आणि आपल्याला कळतं की याला इथे येऊन फार दिवस झाले.

तिसरी पायरी: गाळलेल्या जागा शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. चित्रपट एकदा पाहून झाला की तो पुन्हा लावा आणि या वेळी प्रसंगांऐवजी प्रसंगांमधल्या फटी पाहा.

पहिला दिवस जवळजवळ पूर्ण दिसतो. दुसऱ्या दिवशी तेच प्रसंग, पण प्रत्येक थोडा आखडलेला आणि फिलच्या चेहऱ्यावर गोंधळ. दुसऱ्या रात्री तो एक पेन्सिल मोडून उशाशी ठेवतो. सकाळी ती अखंड असते. एकही शब्द न बोलता नियम सांगून झाला. तिथून पुढे दिवसांची लांबी झपाट्याने कमी होते. एखादा दिवस दोन प्रसंगांचा, एखादा एका वाक्याचा. त्याच्या कार्यक्रमाची निर्माती असलेल्या रिटाला (अँडी मॅकडॉवेल) जिंकण्यासाठी तो रोज संध्याकाळी थोडी थोडी माहिती काढतो आणि दुसऱ्या दिवशी तीच वापरतो, तेव्हा एका टेबलावरचं एकच संभाषण वेगवेगळ्या संध्याकाळींच्या तुकड्यांतून शिवलेलं असतं. आणि हा डाव फसायला लागतो तेव्हा काय दिसतं? नुसत्या थपडा, एकामागून एक. प्रत्येक थपडेमागे एक अख्खा दिवस आहे, जो आपल्याला दाखवलेला नाही आणि तरी पूर्ण कळला आहे.

पियानोचंही तसंच. फिल शिकायला जातो, एक धडा दिसतो, मग मधला एखादा, आणि मग एकदम तो सगळ्या गावासमोर रंगून वाजवताना दिसतो. मध्ये किती वर्षं गेली? चित्रपट सांगत नाही. रॅमिसने एकदा दहा वर्षं म्हटलं होतं, पुढे हा अंदाज तीस-चाळीस वर्षांपर्यंत वाढवला. मला या भागात सगळ्यात आवडते ती पियानोची बाई. तिच्या दृष्टीने तो रोज पहिलाच धडा असतो. आणि तरी त्या रात्री ती अभिमानाने सांगते की हा माझा विद्यार्थी. फिलच्या मेहनतीचा एकमेव साक्षीदार प्रेक्षक असतो. तिचं ते एक वाक्य ऐकून माझ्या घशात आवंढा येतो.

हसणं जिथे थांबतं ती जागाही नीट पाहा. रस्त्यावरचा तो म्हातारा. एका रात्री फिलला कळतं की तो या दिवसाअखेर मरतो. मग तो त्याला जेवू घालतो, छाती दाबून श्वास परत आणायला बघतो, पुन्हा पुन्हा. सगळं गाव तोंडपाठ झालेल्या, आपण देव आहोत असं रिटाला सांगणाऱ्या माणसाला एक मरण टाळता येत नाही. या प्रसंगाआधीचा फिल आणि नंतरचा फिल यांत पडलेला फरक मोजा. माझ्या मते चित्रपट इथे वळतो. प्रेमाची गोष्ट त्यानंतरची.

एक गोष्ट संपूर्ण गाळली आहे: हे का घडलं. पटकथेच्या एका टप्प्यावर कारण लिहिलं गेलं होतं, सोडून दिलेल्या प्रेयसीचा शाप. ते चित्रपटात आलंच नाही, आणि ते न आल्याचे उपकार मानावेत तेवढे थोडे. शाप असता तर आपण दोन तास उतारा शोधत बसलो असतो. कारणच नाही म्हटल्यावर उरतो तो फक्त माणूस, तो आज काय करणार एवढंच. म्हणून वेगवेगळ्या धर्मांच्या लोकांनी हा चित्रपट आपलाच मानला. २००३ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने सिनेमा आणि श्रद्धा या विषयावरची मालिका याच विनोदपटाने सुरू केली.

पहिल्या वेळी चित्रपट ‘बरा’ वाटला तर खट्टू होऊ नका. अमेरिकन समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी १९९३ साली त्याला चारपैकी तीन तारे दिले आणि २००५ साली आपण त्याला कमी लेखलं होतं असं मोकळेपणाने लिहून श्रेष्ठ चित्रपटांच्या आपल्या यादीत घेतलं. हा सिनेमाच दुसऱ्यांदा पाहण्यासाठी केलेला आहे.

आता गाळलं नाही तर काय होतं तेही जाणून घ्या. २००९ साली जपानच्या क्योतो अ‍ॅनिमेशनने ‘हारुही सुझुमिया’ मालिकेत उन्हाळी सुट्टीच्या शेवटच्या पंधरवड्याचा लूप दाखवला, आणि सलग आठ भाग जवळजवळ तोच भाग दाखवला. प्रत्येक वेळी चित्रं नवी काढली, संवाद नव्याने ध्वनिमुद्रित केले, कपडे बदलले, गोष्ट मात्र तीच. कथेत तो पंधरवडा पंधरा हजारांहून जास्त वेळा झालेला असतो, तो थकवा प्रेक्षकाच्या अंगात उतरवायचा हा प्रयत्न. चाहते खवळले. मला त्या धाडसाबद्दल आदर आहे, पण नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

चौथी पायरी: प्रत्येक नव्या लूपला चार प्रश्न विचारा

कुणाकुणाला आठवतं? फेरा कशाने संपतो: झोपेने, मरणाने की घड्याळाने? शरीरावर काही उरतं का? आणि सुटण्यासाठी स्वतः बदलायचं असतं की भोवतालचं काही दुरुस्त करायचं असतं? दिग्दर्शक आपला वेगळेपणा या चारांपैकी कुठेतरी एका ठिकाणीच दाखवतो. ती जागा सापडली की चित्रपट हाती लागतो.

‘हॅपी डेथ डे’ (२०१७, दिग्दर्शक ख्रिस्तोफर लँडन) घ्या. कॉलेजातल्या मुलीचा वाढदिवस, रात्री मुखवटा घातलेला कुणीतरी तिचा खून करतो, आणि ती पुन्हा त्याच सकाळी जागी होते. भयपट म्हणून सुरू होऊन तो हळूहळू विनोदी होत जातो. त्यातला नियम असा की प्रत्येक मरणाची इजा तिच्या शरीरात थोडी उरते. म्हणजे फेरे अमर्याद नाहीत. या एका बदलामुळे प्रत्येक फुकट गेलेला दिवस जिवावर बेततो. जेसिका रोथचं काम यात फार छान आहे.

‘रन लोला रन’ (१९९८, टॉम टिक्वर) हा जर्मन चित्रपट अनेक याद्यांत असतो. वीस मिनिटांत एक लाख मार्क जमवून प्रियकराला वाचवायचं, आणि ही धाव तीन वेळा. तो विनोदपट नाही, आणि लोलाला मागचं आठवतं असं कुणी म्हणतही नाही. पण पहिल्या धावेत तिला पिस्तुलाचा खटका कसा सोडायचा हे सांगावं लागतं आणि दुसऱ्या धावेत तिचा हात आपोआप तिथे जातो. तेवढ्या हालचालीसाठी पाहावा असा हा चित्रपट आहे.

पाचवी पायरी: मग ‘पाम स्प्रिंग्स’, आणि मग थेट जपान

रुबिनच्या पहिल्या खर्ड्यात एक गोष्ट वेगळी होती. तिथे फिल सुरुवातीलाच लूपमध्ये मुरलेला होता. लोक बोलायच्या आधी तो उत्तर देतो आणि हे त्याला कसं कळतं याचं कोडं प्रेक्षकाला पडतं. रॅमिसने सुरुवात बदलली आणि पहिला दिवस पुढे आणला. १९९३ च्या प्रेक्षकासाठी ते योग्यच होतं असं मला वाटतं.

सत्तावीस वर्षांनी ‘पाम स्प्रिंग्स’ने (२०२०, दिग्दर्शक मॅक्स बार्बाको, पटकथा अँडी सियारा) ती मधूनच सुरुवात करून दाखवली. वाळवंटातलं एक लग्न, अँडी सॅम्बर्गचा नाइल्स फुलाफुलांचा शर्ट घालून आळसावलेला फिरतो आणि नाचणाऱ्या गर्दीतून वाट काढताना कुणाचा हात कुठे उडणार हे त्याला आधीच ठाऊक असतं. पहिला दिवस आपल्याला दाखवतच नाहीत. दाखवायची गरजही नाही, तो आपण १९९३ साली पाहिलेला आहे. या प्रकाराने सिनेमाला काय दिलं, याचं उत्तर मला याच सुरुवातीत दिसतं. मग नवऱ्या मुलीची बहीण सेरा (क्रिस्टिन मिलिओटी) त्याच फेऱ्यात येऊन पडते आणि आठवणारी माणसं दोन होतात. एकाला सुटायचं आहे, एकाला आता सुटण्याचीच भीती वाटते. हा चित्रपट अमेरिकेत जुलै २०२० मध्ये घरबसल्या दिसला, माणसं महिनोन् महिने चार भिंतींत तोच दिवस काढत होती तेव्हा. त्या उन्हाळ्यात तो पाहिलेल्यांना त्याबद्दल काही समजावून सांगावं लागत नाही.

जपानचे दोन चित्रपट मात्र चुकवू नका. आपल्याकडे त्यांचं नाव फारसं ऐकू येत नाही.

पहिला ‘मंडेज’ (२०२२, र्यो ताकेबायाशी). तोक्योतली छोटी जाहिरात कंपनी, कामाचा डोंगर, आणि सगळं ऑफिस एकाच आठवड्यात अडकलेलं. सोमवारी सकाळी खिडकीवर एक कबूतर धडकतं, तीच खूण. दोन कनिष्ठांच्या हे आधी लक्षात येतं. पण थेट साहेबांना जाऊन सांगता येत नाही ना! आधी आपल्या वरच्याला पटवायचं, मग त्याने त्याच्या वरच्याला, अशी पायरीपायरीने फाइल वर सरकवावी तशी लूपची बातमी वर न्यायची. आणि आठवडा संपला की विसरलेल्यांना पुन्हा पहिल्यापासून पटवायचं. ज्याने कधी सरकारी किंवा खासगी कचेरीत सही मिळवण्यासाठी खेटे घातले आहेत त्याला हा चित्रपट स्वतःचा वाटेल. आणि चारांतल्या पहिल्या प्रश्नाचं, ‘कुणाकुणाला आठवतं’चं, इतकं लोभस उत्तर मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

दुसरा ‘रिव्हर’ (२०२३, दिग्दर्शक जुंता यामागुची, लेखक माकोतो उएदा). क्योतोजवळच्या किबुने इथलं नदीकाठचं जुनं विश्रामगृह. फेरा दोन मिनिटांचा आणि आठवतं सगळ्यांना. दोन मिनिटं झाली की प्रत्येक जण आपापल्या मूळ जागी. गरम करायला ठेवलेली साके, म्हणजे तांदळाची दारू, कधी गरम होत नाही. जेवणाऱ्या दोघांचा भात कितीही खाल्ला तरी संपत नाही. स्नानगृहात एक पाहुणा डोक्याला फेस लावलेल्या अवस्थेत अडकला आहे. वरच्या खोलीत लेखक आहे, आणि मुदत पुढे सरकतच नाही म्हणून तो सुखावला आहे. प्रत्येक फेरा कॅमेरा न थांबवता सलग चित्रित केलेला. म्हणजे मी वर म्हटलेली गाळण्याची युक्ती इथे वापरताच येत नाही. मग ते काय करतात? काळ गाळता येत नाही म्हणून जागा बदलतात. दोन मिनिटांत नायिका जिन्याने कुठवर धावू शकते, कुणाला गाठू शकते, एवढ्यावर सगळं चालतं. हे क्योतोच्या ‘युरोप किकाकू’ या नाटकमंडळीचं काम आहे, आणि तालीम काय करू शकते हे ज्याला पाहायचं आहे त्याने ते पाहावं. राज्य नाट्य स्पर्धेत किंवा एकांकिकांत धडपडणाऱ्या आपल्या मुलामुलींनी तर नक्कीच.

सहावी पायरी: भारतातले तीन

क्रम असा ठेवा: ‘मानाडु’, ‘लूप लपेटा’, ‘भूल चूक माफ’.

‘मानाडु’ (तमिळ, २०२१, दिग्दर्शक वेंकट प्रभू) म्हणजे परिषद, राजकीय मेळावा. दुबईहून मित्राच्या लग्नाला निघालेला अब्दुल खालिक (सिलंबरसन) विमानात पुन्हा पुन्हा जागा होतो आणि मुख्यमंत्र्यांच्या हत्येचा कट थांबवायला बघतो. इथवर ओळखीचं आहे. चित्रपट उसळी घेतो तो एस. जे. सूर्याच्या पोलीस अधिकाऱ्यामुळे, कारण खलनायकालाही आठवायला लागतं! आता नायकाची एकमेव शक्ती शत्रूकडेही आहे. तोच तोच दिवस काढून वैतागलेला, कावलेला हा खलनायक चित्रपटातला सगळ्यात विनोदी माणूस ठरतो. मूळ तमिळमध्ये सबटायटल्स लावून पाहा, सूर्याच्या बोलण्याची लय डबिंगमध्ये हरवते.

‘लूप लपेटा’ (२०२२, दिग्दर्शक आकाश भाटिया) हा ‘रन लोला रन’चा अधिकृत हिंदी अवतार, घडतो गोव्यात. तापसी पन्नूची सावी आणि ताहिर राज भसीनचा सत्या. नावं पाहिलीत? सावित्री-सत्यवान. पतीचे प्राण परत आणणाऱ्या बाईची कथा वटपौर्णिमेला घरोघरी सांगितली जाते. जर्मन चित्रपटातल्या धावणाऱ्या मुलीच्या मागे ती उभी करणं ही फार चांगली सूचना होती. चित्रपट रंगांच्या आणि कॅमेऱ्याच्या करामतीत थोडा जास्त रमतो, मूळची घाई त्यात सैलावते. तरी त्या एका कल्पनेसाठी पाहावा.

‘भूल चूक माफ’ (२०२५, दिग्दर्शक करण शर्मा) बनारसमधला. राजकुमार रावचा रंजन लग्नाच्या आदल्या दिवशी, हळदीच्या दिवशीच अडकतो. २९ तारीख जाता जात नाही, ३० उजाडत नाही. कारण? सरकारी नोकरीसाठी महादेवाला बोललेला नवस. लूपसाठी याहून समर्पक भारतीय कारण मला सुचत नाही. नवस फेडायचा राहिला तर काय होतं, हे आपल्याकडे कुणाला समजावून द्यावं लागत नाही. हळदीच्या पिवळ्या गोंधळातली पुनरावृत्ती मजेदार आहे. उत्तरार्धात चित्रपट उपदेशाकडे झुकतो आणि मग दिवस गाळण्याऐवजी मुद्दे सांगत बसतो, तिथे माझा उत्साह कमी होतो.

सातवी पायरी: खुणा इतरत्र शोधा

हे घाईने केलं तरी चालेल, पण करा. ‘ग्राउंडहॉग डे’ आकाशातून पडला नाही. रिचर्ड लुपॉफ यांची तासाभराच्या लूपची कथा १९७३ सालची, तिच्यावरचा लघुपट १९९० चा. सोव्हिएत संघात १९८७ साली ‘नायकासाठी आरसा’ अशा अर्थाच्या नावाचा चित्रपट आला, ज्यात दोन माणसं १९४९ मधल्या एकाच दिवसात अडकतात. पण जे रुजलं ते १९९३ चं रोप. इंग्रजीत ‘ग्राउंडहॉग डे’ हा शब्दच ‘रोजचं तेच ते’ या अर्थाने रुळला. २००६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याला जागा मिळाली. २०१६ साली लंडनच्या ओल्ड व्हिक रंगमंचावर त्याची संगीतिका झाली, गाणी टिम मिंचिनची, संहिता पुन्हा रुबिनचीच.

विनोदाबाहेरही पाहा. ‘सोर्स कोड’मध्ये (२०११) रेल्वेतली आठ मिनिटं, ‘एज ऑफ टुमॉरो’मध्ये (२०१४) एक युद्ध. दुसऱ्यात टॉम क्रूझ इतक्या वेळा आणि इतक्या झटपट मरतो की प्रेक्षागृह हसतं. युद्धपटात, मरणावर! ते हसू डबक्यापाशी आणि त्या थपडांपाशी शिकवलेलं आहे. ‘रशियन डॉल’ या मालिकेचा आठ भागांचा पहिला हंगाम (२०१९) तर हसवता हसवता दुःखाच्या इतका जवळ नेतो की तो सलग एका बैठकीत पाहू नये, दोन दोन भागांत पाहावा.

एवढं सगळं झालं की पुन्हा ‘ग्राउंडहॉग डे’ लावा आणि फक्त पहिली वीस मिनिटं पाहा. अजून काहीच घडलेलं नाही, फिलला काही ठाऊक नाही. पण नेड काय बोलणार ते तुम्हाला पाठ आहे. म्हाताऱ्याचं काय होणार तेही माहीत आहे, त्यामुळे फिल खिसे चाचपल्यासारखं करून पुढे जातो तेव्हा तुम्हाला त्याला हाक मारावीशी वाटेल. शेजारी कुणी पहिल्यांदा पाहणारं बसलं असेल तर त्याला डबक्याबद्दल काही सांगू नका.